रीतसर नोंदवलेले पुस्तक नेतानाही गेट का वाजते : आरएफआयडी ग्रंथालयातील एका चिवट दोषाचा माग

विद्यार्थ्याने पुस्तक रीतसर नोंदवून घेतले आहे, हातात परतीच्या तारखेची पावती आहे, संगणकात पुस्तक त्याच्याच नावावर दिसते आहे आणि तरीही दारातून बाहेर पडताना गेट वाजते. सुरक्षारक्षक त्याला थांबवतो, मागे रांग लागते, दप्तर उघडले जाते, देवघेव विभागातून कोणीतरी उठून येते, पुस्तक पुन्हा एकदा पॅडवर (पुस्तकातील चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फलकावर) ठेवते आणि ‘आता जा’ म्हणते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडते. आमच्या विद्यापीठ ग्रंथालयात हा प्रकार जवळजवळ दोन सत्रे चालला. पुरवठादाराचा तंत्रज्ञ प्रत्येक भेटीत गेटची शक्ती थोडी कमी करून जात असे, चार दिवस शांततेत जात आणि पाचव्या दिवशी गेट पुन्हा वाजू लागे. अखेर अशी वेळ आली की गेट वाजले तरी सुरक्षारक्षक मान वर करून पाहीनासा झाला. लाखो रुपये खर्चून बसवलेल्या यंत्रणेचे खरे नुकसान तिथेच झाले होते.

आरएफआयडी म्हणजे पुस्तकात चिकटवलेल्या, चिप असलेल्या टॅगशी रेडिओ लहरींनी बोलणारी यंत्रणा. पुढील विवेचन १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, म्हणजे आयएसओ १५६९३ या मानकाच्या टॅगांना धरून आहे, कारण आपल्याकडील बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयांत हेच टॅग आढळतात. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) टॅग वापरणाऱ्यांना यातील विचार उपयोगी पडेल, परंतु तपासणीची कृती तशीच्या तशी लागू होणार नाही.

दोषाचे मूळ समजण्यासाठी एक गोष्ट प्रथम मनात पक्की करावी लागते. आरएफआयडी आल्यापासून पुस्तकाची स्थिती एका नव्हे तर दोन ठिकाणी लिहिलेली असते. एक नोंद कोहा, सोल किंवा अन्य ग्रंथालय प्रणालीच्या माहितीसाठ्यात असते आणि दुसरी पुस्तकाच्या आत चिकटवलेल्या टॅगच्या चिपमध्ये असते. गेटला पहिल्या नोंदीची काहीही माहिती नसते. आयएसओ २८५६० या ग्रंथालयीन मानकाला अनुसरून चालणारे गेट हवेत सतत एकच प्रश्न विचारत असते : ज्यांच्या एएफआय (टॅग कोणत्या कामाचा हे सांगणारा कोड) या एका बाइटमध्ये ०७ हे मूल्य आहे असे कोणी येथे आहे काय? पुस्तक ग्रंथालयात असताना टॅगवर ०७ असते, ते बाहेर जाते तेव्हा सी२ लिहिले जाते आणि परत आले की पुन्हा ०७. सी२ असलेला टॅग गेटच्या प्रश्नाला उत्तरच देत नाही, म्हणून गेट गप्प राहते. काही पुरवठादार एएफआयऐवजी चिपमधील ईएएस नावाचा चोरी-प्रतिबंधक बिट चालू-बंद करतात, तर काही गेट टॅगचा क्रमांक वाचून सर्व्हरलाच विचारतात. या शेवटच्या प्रकारात दोन नोंदींचा मेळ बिघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही, मात्र नेटवर्क गेले की गेट आंधळे होते. आपल्याकडील गेट यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे पुरवठादाराकडून लेखी मागवून घ्यावे. पाच वर्षे गेट वापरूनही हे ठाऊक नसलेली ग्रंथालये मी पाहिली आहेत आणि आमचे त्यांपैकीच एक होते.

म्हणजे गेट वाजते तेव्हा बहुतेक वेळा ते खरेच बोलत असते. त्याच्यासमोरून ०७ लिहिलेला टॅग गेलेला असतो आणि चूक आधीच कुठेतरी होऊन चुकलेली असते. म्हणून गेटच्या शक्तीला हात न लावता प्रथम टॅग वाचावा.

यासाठी आम्ही गेटजवळ एक साधी वही ठेवली. गेट वाजले की पुस्तक पॅडवर ठेवून ‘दुरुस्त’ करण्याआधी त्याचा दाखलांक (ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेला क्रमांक), वेळ, पुस्तक कोणत्या खिडकीवरून किंवा किऑस्कवरून (स्वयंसेवा यंत्रावरून) दिले गेले, प्रणालीत त्याची स्थिती काय दिसते आणि टॅगवर काय लिहिले आहे, एवढे पाच तपशील लिहायचे. सर्वात जास्त अडचण ‘आधी’ या शब्दाची आली, कारण समोर विद्यार्थी ताटकळत असताना कर्मचाऱ्याचा हात आपोआप पुस्तक पॅडवर ठेवण्याकडेच जातो आणि त्या एका कृतीने पुरावा पुसला जातो. टॅग वाचण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. एनएफसी असलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये एनएक्सपी कंपनीचे टॅगइन्फो हे मोफत ॲप टाकले आणि फोनची पाठ टॅगच्या जागेवर टेकवली की चिपचा प्रकार, तिचा ई० ने सुरू होणारा ६४ बिटांचा क्रमांक आणि एएफआयचे मूल्य पडद्यावर दिसते. ईएएस पद्धत असल्यास मात्र पुरवठादाराचे कर्मचारी-केंद्र (पॅड जोडलेला खिडकीवरचा संगणक) वापरावे लागू शकते.

वहीतल्या नोंदी चार गटांत पडतात. पुस्तक प्रणालीत दिलेले आणि टॅगवर ०७ असेल, तर टॅगवर लिहिण्याच्या पायरीत खोट आहे. हा गट आमच्याकडे सर्वात मोठा होता. पुस्तक दिलेले आहे, टॅगवरही सी२ आहे आणि तरीही गेट वाजले, तर त्याच पुस्तकात दुसरा टॅग आहे काय, दप्तरात दुसरे पुस्तक आहे काय हे पाहावे. शेजारच्या महाविद्यालयाचे पुस्तक हे याचे नेहमीचे उत्तर असते, कारण ०७ हे मूल्य मानकाचेच असल्याने आपले गेट परक्या ग्रंथालयाच्या पुस्तकालाही तितक्याच निष्ठेने हटकते. पुस्तक प्रणालीत ग्रंथालयातच दिसते आणि टॅगवरही ०७ आहे, तर गेटने आपले काम केले आहे आणि बोलायचे ते विद्यार्थ्याशी. आणि जवळ एकही पुस्तक नसताना गेट वाजत असेल, तरच शंकेची सुई गेटकडे वळवावी.

आता पहिल्या गटाविषयी सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आमच्या देवघेव खिडकीवर दोन स्वतंत्र गोष्टी एकाच पडद्यावर चालतात : एक म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेली कोहा आणि दुसरी म्हणजे पुरवठादाराने दिलेली पॅड चालवणारी छोटी आज्ञावली. ही आज्ञावली पॅडवरील टॅगमधला दाखलांक वाचून तो कळफलकावर टाइप केल्यासारखा कोहाच्या चौकटीत उतरवते आणि त्याच वेळी टॅगवर एएफआय लिहिते. मात्र काय लिहायचे हे ती कोहाला विचारत नाही, तिच्या स्वतःच्या ‘देणे’ आणि ‘घेणे’ या दोन बटणांपैकी जे दाबलेले असेल त्यानुसार ती लिहिते. कर्मचाऱ्याने तीन पुस्तके परत घेतली, लगेच समोरच्या विद्यार्थ्याला एक पुस्तक द्यायचे म्हणून कोहामध्ये ‘देणे’चे पान उघडले आणि छोट्या आज्ञावलीतले बटण बदलायचे राहून गेले, तर कोहा पुस्तक विद्यार्थ्याच्या नावावर चढवते आणि आज्ञावली टॅगवर पुन्हा ०७ लिहिते. दोन्हीकडे हिरवी खूण उमटते, पावती छापली जाते आणि विद्यार्थी दाराशी पोहोचला की गेट वाजते. वहीतल्या वेळा पाहिल्यावर हे लक्षात आले. बहुतेक घटना दुपारी तास संपण्याच्या सुमारास, परत करणारे आणि नेणारे एकाच रांगेत मिसळत त्या वेळच्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या एकाच खिडकीवरच्या होत्या.

त्या खिडकीवर बसणाऱ्या सहकाऱ्याला दोष देण्याची घाई करू नये. कोहातले पान आणि आज्ञावलीतले बटण दिवसभर एकमेकांशी जुळवत राहणे हे काम माणसाकडे ठेवणे हीच रचनेतील चूक आहे. आम्ही तूर्त परतीची खिडकी आणि देण्याची खिडकी वेगळी केली, प्रत्येक संगणकावर आज्ञावलीची एकच अवस्था कायम ठेवली आणि दुसरे बटण पुरवठादाराकडून झाकून घेतले. ज्यांच्याकडे एकच खिडकी आहे त्यांनी खिडकीवरही सिप-२ मार्गे व्यवहार करणारी आज्ञावली मागावी. सिप-२ हा स्वयंसेवा यंत्र आणि ग्रंथालय प्रणाली यांच्यातील संवादाचा नियम आहे. त्यात पुस्तक देण्याची विनंती ११ या क्रमांकाच्या संदेशाने जाते आणि १२ या क्रमांकाच्या उत्तरात व्यवहार मान्य झाला की नाही, तसेच पुस्तकाची सुरक्षा काढायची की नाही, हे प्रत्येकी एका अक्षराने कळवलेले असते. परतीसाठी ०९ आणि १० हीच जोडी आहे. यंत्राने हे उत्तर वाचून मगच टॅगवर लिहिले तर दोन्ही नोंदी जुळलेल्या राहतात. कोहामध्ये सिपचा सर्व्हर अंगभूतच आहे, त्यामुळे वेगळी खरेदी लागत नाही, फक्त तो सुरू करून प्रत्येक खिडकीसाठी खाते तयार करावे लागते.

बटण ‘घेणे’वर राहून पुस्तक दिले गेले की गेट वाजते, हे झाले. आता उलट कल्पना करावी : बटण ‘देणे’वर राहिले आणि पुस्तक परत घेतले गेले. कोहामध्ये पुस्तक ग्रंथालयात जमा झाले, टॅगवर मात्र सी२ राहिले आणि पुस्तक मांडणीवर जाऊन बसले. आता ते कोणीही न नोंदवता दप्तरात घालून नेले तरी गेट गप्पच राहणार. ही चूक पहिल्या चुकीइतकीच वारंवार घडत असली पाहिजे, कारण दोन्हींचे कारण एकच आहे. फरक इतकाच की पहिली आवाज करते आणि दुसरी करत नाही. गेट वाजण्याच्या तक्रारींनी आम्ही दोन सत्रे त्रासलो होतो, पण न वाजण्याबद्दल एकाही माणसाने तक्रार केली नव्हती, आणि करणार तरी कोण?

ही मूक पुस्तके शोधण्याची कृती सुदैवाने फार सोपी आहे. आयएसओ १५६९३ मध्ये रीडरने टॅगांना हाक देताना एएफआयचे मूल्य सोबत सांगता येते आणि मग त्या मूल्याचेच टॅग उत्तर देतात. साठा पडताळणीसाठी घेतलेल्या हातातल्या रीडरमध्ये गाळणी म्हणून सी२ हे मूल्य द्यावे आणि मांडण्यांवरून तो फिरवावा. मांडणीवर उभ्या असलेल्या कोणत्याही पुस्तकाच्या टॅगवर सी२ असण्याचे काहीच कारण नाही, त्यामुळे जो टॅग उत्तर देईल तो चुकीचाच आहे. प्रत्येक दाखलांक वाचून यादीशी ताडत बसावे लागत नसल्यामुळे ही फेरी नेहमीच्या पडताळणीपेक्षा पुष्कळ लवकर होते. पहिल्या फेरीत अर्थशास्त्राच्या मांडणीवर रीडर ज्या वेगाने टिकटिकू लागला तो ऐकून आम्हा सर्वांचे चेहरे पडले होते. रीडरमध्ये ही गाळणी दिसत नसेल तर पुरवठादाराकडे आग्रहाने मागावी. मानकात ती असल्यामुळे ‘होत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये. या फेरीच्या जोडीने ०० हे मूल्यही एकदा तपासून घ्यावे. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या टॅगवर ०० असते, आणि बांधणीहून परतलेल्या पुस्तकाला नवा टॅग चिकटवून त्यावर लिहायचेच राहिले असेल तर तेही पुस्तक गेटच्या दृष्टीने अदृश्य असते. गाळणीत ०० दिल्यास मात्र त्याचा अर्थ ‘सर्व टॅग’ असा होतो आणि सगळेच टॅग उत्तर देतात, म्हणून ही तपासणी गाळणीने न करता बांधणीहून आलेल्या गठ्ठ्यावरच, एकेक टॅग वाचून करावी.

खिडकीवरचा घोळ मिटल्यावर वहीत जे उरले त्यात किऑस्कचा वाटा मोठा होता. विद्यार्थी चार पुस्तकांची चळत पॅडवर ठेवतो, पडद्यावर चारही नावे दिसली की काम झाले असे समजून पुस्तके उचलतो, आणि वाचणे झालेले असले तरी शेवटच्या टॅगवर लिहिणे झालेले नसते. पावती हातात येईपर्यंत पुस्तके उचलू नयेत अशी पाटी लावली, तिचा थोडाफार उपयोग झाला. अधिक उपयोग झाला तो किऑस्कची रचना बदलून घेण्याचा : लिहिल्यानंतर टॅग पुन्हा वाचून खात्री करायची आणि खात्री झाली नाही तर पावती न छापता ते पुस्तक पुन्हा पॅडवर ठेवण्यास सांगायचे. पातळ पुस्तिका आणि नियतकालिकांचे अंक यांची अडचण निराळी आहे. एकाच जागी चिकटवलेले दोन टॅग एकमेकांवर तंतोतंत आले की त्यांच्या वेटोळ्यांची कंपनसंख्या १३.५६ पासून ढळते आणि दोन्ही वाचले जात नाहीत. टॅग चिकटवतानाच तो कधी वर, कधी मध्ये, कधी खाली असा जागा बदलत लावला तर हा त्रास होत नाही. आमच्याकडे टॅग चिकटवण्याचे काम कंत्राटाने झाले आणि कंत्राटदाराच्या मुलांनी मोठ्या शिस्तीने प्रत्येक टॅग मलपृष्ठाच्या आत, खालून मोजून एकाच उंचीवर लावला आहे. इतकी शिस्त इतरत्र दिसली असती तर बरे वाटले असते.

दाखलांकातील शून्यांचा प्रकार वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्याने आम्हाला बरेच दिवस चकवले. काही पुस्तके पॅडवर ठेवली की किऑस्क ‘पुस्तक सापडले नाही’ असे सांगत असे. विद्यार्थी खिडकीवर येई, कर्मचारी मुखपृष्ठाच्या आतला दाखलांक पाहून तो हाताने टाइप करी आणि पुस्तक देई. व्यवहार पूर्ण होई, पण हाताने टाइप केल्यामुळे टॅगला कोणी स्पर्शही केलेला नसे आणि गेट वाजे. फोनने टॅग वाचल्यावर दिसले की कोहामध्ये दाखलांक ००४५१२ असा आहे आणि टॅगवर नुसता ४५१२ आहे. टॅग लिहिण्यासाठी यादी एक्सेलमधून दिली गेली होती आणि एक्सेलने त्या रकान्याला संख्या समजून पुढची शून्ये टाकून दिली होती. अशा नोंदी प्रणालीत बदलू नयेत, टॅग नव्याने लिहावेत, कारण बारकोड, नोंदवही आणि जुने अहवाल या सर्वांत शून्यांसहितचाच क्रमांक आहे. आणि हाताने टाइप करून पुस्तक देण्याची वेळ आलीच, तर ते पुस्तक बाहेर जाण्यापूर्वी टॅगची स्थिती स्वतंत्रपणे बदलण्याची सवय खिडकीवर लावावी. वीज किंवा नेटवर्क गेलेले असताना कागदावर केलेली देवघेव आणि बुक बँकेच्या संचांची एकगठ्ठा नोंद यांनाही हेच लागू आहे.

एका पुस्तकात दोन टॅग असण्याचा प्रकार बांधणीतून येतो. बांधणारा जुने मलपृष्ठ नव्या पुठ्ठ्याखाली दाबतो, टॅग दिसत नाही म्हणून आपण नवा लावतो, पण आतला जुना जिवंतच असतो. नवा सी२ होतो, जुना ०७ वर राहतो आणि गेट वाजते. बांधणीला पाठवतानाच टॅग काढून घ्यावा, आणि काढता येत नसेल तर परत आल्यावर पॅडवर ठेवून किती टॅग उत्तर देतात ते मोजावे.

दोन निविदांत दोन पुरवठादार आलेल्या ग्रंथालयांनी आणखी एक शक्यता तपासावी. पहिल्या खेपेची पुस्तके ईएएस बिटावर आणि दुसऱ्या खेपेची एएफआयवर चालत असतील, तर नव्या पुरवठादाराची आज्ञावली जुन्या टॅगवर एएफआय सी२ लिहिते, पण ईएएस बिट चालूच ठेवते. गेट दोन्ही प्रश्न विचारत असेल तर ते वाजणारच. याची खूण अशी की गेट ज्यांवर वाजते ती पुस्तके ठरावीक वर्षापूर्वी दाखल झालेली असतात. गेट एकाच पद्धतीवर आणून सर्व टॅग त्या पद्धतीत लिहिणे हाच यावर पक्का उपाय आहे, आणि तो एकदम न करता पुस्तक परत येईल तेव्हा परतीच्या खिडकीवर करत गेल्यास जास्तीचे मनुष्यबळ लागत नाही.

राहिले खुद्द गेट. पुस्तक जवळ नसताना ते वाजत असेल तर आसपासचे दिवे, विशेषतः स्वस्त एलईडी पट्ट्यांचे पुरवठासंच, एकेक करून बंद करून पाहावेत. दोन खांबांतील अंतर साधारण ९० सेंटीमीटर असते आणि कोणी जागा वाढवण्यासाठी ते सरकवले असेल तर मध्यभागी क्षेत्र दुबळे पडते. गेटला खेटून परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी उभी करू नये, आणि पॅड लोखंडी टेबलावर थेट ठेवू नये, कारण धातूमुळे क्षेत्र दबते आणि लिहिणे अर्धवट होते. पॅडखाली जाड लाकडी फळी घातली तरी बराच फरक पडतो.

शेवटची बाब कराराची आहे. काही टॅगांवर ०७ वरून सी२ लिहिण्याची आज्ञा दिली तरी मूल्य बदलतच नाही. अशा वेळी एकतर टॅग तयार करताना एएफआय कायमचे कुलूपबंद झालेले असते, आणि आयएसओ १५६९३ मध्ये हे कुलूप एकदा लागले की उघडत नाही, त्यामुळे टॅग बदलण्यावाचून मार्ग उरत नाही, किंवा चिपवर परवलीचा शब्द लावलेला असतो आणि तो केवळ जुन्या पुरवठादाराला माहीत असतो. परवलीचा शब्द असणे योग्यच आहे, कारण तो नसेल तर फोन बाळगणारा कोणीही टॅगवरील मूल्य बदलू शकतो. तो ग्रंथालयाकडे नसणे मात्र अयोग्य आहे. टॅगवर कोणत्या मांडणीत काय लिहिले आहे, सुरक्षा एएफआयने आहे की ईएएसने, कोणते भाग कुलूपबंद आहेत आणि परवलीचा शब्द काय आहे, हे चारही तपशील मोहोरबंद पाकिटात ग्रंथपालांच्या ताब्यात द्यावेत अशी अट पुढील निविदेत घालावी, आणि ते पाकीट हाती आल्याखेरीज टॅगांच्या खेपेचे देयक मंजुरीसाठी पाठवू नये.